जीपचे वाटे

आमच्या वाडीच्या जीपचे वाटे मी घातले, आणि त्यात माझ्या वडिलांचा मानाचा वाटा काढायला विसरलो.

ही गोष्ट मी महाडात सांगतो तेव्हा लोक हसतात. जीपचे वाटे, म्हणजे बोकडाचे घालतात तसे? हो, अगदी तसे. पण हीच गोष्ट पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या कुणाला सांगितली तर तो हसत नाही. पहिल्या वाक्यालाच थांबवतो आणि विचारतो, "मानाचा राहिला? मग काय केलंस?"

आमची वाडी डोंगराच्या माथ्यावर. घरं थोडी, आणि घरात राहणारी माणसं त्याहून थोडी, कारण निम्मी वाडी मुंबईत. एस.टी. खाली फाट्यापर्यंत यायची, तिथून पुढे आपले पाय. आजारी माणूस डोलीतून उतरायचा. बांबूला गोधडी बांधायची, तिच्यात माणूस घालायचा आणि खांदे बदलत बदलत खाली न्यायचा. नव्वदच्या सुमारास वाडीने श्रमदान करून कच्चा रस्ता काढला. रस्ता झाला तर त्यावरून काहीतरी चालायला हवं, म्हणून मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून एक जुनी डिझेल जीप घेतली. आणि जीप झाली तर ती चालवायला कुणीतरी हवं, म्हणून माझ्या वडिलांना बोलावणं गेलं.

वडील तेव्हा मुंबईत एका कारखान्याचा टेंपो चालवायचे. नोकरी पक्की, खोली भाड्याची, डोक्यावर पंखा. मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वाडीत ड्रायव्हर तुमच्याबिगर दुसरा हाय कोण?" झालं. नोकरी सोडून, जीप घेऊन ते सरळ वाडीवर आले. आई वाडीतच असायची. तिला हे कळलं ते खालच्या वळणावर हॉर्न वाजला तेव्हा. ती शेणाचे हात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय?" वडील म्हणाले, "गाडी." पुढची पाच-सात वर्षं ती हे संभाषण जसंच्या तसं लोकांना ऐकवायची.

त्या जीपने काय काय वाहिलं! भाताची पोती, सिमेंट, शेरडं, गणपती, उमरठच्या बाजूची वऱ्हाडं, दिवस भरलेल्या बायका. मुंबईत कुणी वारलं की फाट्यापर्यंत दुसऱ्या गाडीने आणायचे आणि तिथून वर आमच्या जीपने. वडिलांचे नियम दोनच होते. मेलेल्या माणसाचं भाडं घ्यायचं नाही, आणि चढावर गाडीत कुणी बोलायचं नाही. पहिला नियम वाडीने पाळला. दुसरा मी धरून कुणालाच जमला नाही.

मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू होता. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर एक डोळा गेल्यातच जमा होता आणि दुसऱ्याला नळीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी मान हलवली आणि त्याच जीपने मला वर घेऊन आले. त्यानंतरही काही महिने ते गाडी चालवत होते. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पुढे बसणाऱ्याने वळण बोलायचं, अशी रीतच पडली होती. "डावीकडं, आता सरळ, आता दगड हाय." एकदा मी पुढे बसलो होतो. मी तेव्हा महाडला एका शाळेत कारकून होतो आणि रविवारी वाडीवर यायचो. हेडमास्तरांचा कसलासा किस्सा सांगण्यात असा रंगलो की वळण बोलायचंच राहिलं. गाडी मात्र बरोबर वळली. वळून झाल्यावर वडील शांतपणे म्हणाले, "तुजं बोलून झालं की पुढचं वळण सांग."

ते थांबले एका कालवडीमुळे. ती रस्त्यात बसली होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा डोळा लागला होता. वडिलांना ती दिसली नाही. तिच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. गाडी तिच्या शेपटाला टेकून उभी राहिली. त्यांनी तशीच ती सावकाश देवळापर्यंत आणली, फणसाखाली लावली, आणि चावी देवीच्या उंबऱ्यावर ठेवून काठी मागितली. त्याआधी त्यांनी कधी काठी घेतली नव्हती.

दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. ज्यांना गाडी येत होती ते सगळे मुंबईत टॅक्सीवर. एवढ्यात रस्ता थोडा सुधारला आणि पोलादपूरच्या भाड्याच्या गाड्या अर्ध्या डोंगरापर्यंत येऊ लागल्या. जीप फणसाखाली राहिली. दोन पावसाळे खाल्ल्यावर पत्र्याला फोड आले, मागच्या बाकाखाली कोंबडी अंडी घालू लागली. वडील मात्र रोज सकाळी रॉकेलचा फडका घेऊन जायचे आणि ती पुसायचे. बॉनेट, दरवाजा, मडगार्ड, मागचा फाळका, पुन्हा बॉनेट. हाताला फोड लागला की तिथे थांबायचे. रविवारी मी असलो की त्या वेळेला मुद्दाम विहिरीकडे जायचो. आंधळ्या माणसाचा हात असा फिरताना बघवत नाही. तेवढं एक काम सोडलं तर त्यांना घराबाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं, हे मला दिसत होतं. दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

शिमग्याला मुंबईकर आले. पालखी नाचवून झाली आणि दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. विषय एकच. जीपचं करायचं काय?

महाडचा एक भंगारवाला आधीच येऊन गेला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, बुटाने चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "वजनावर घेतो. उद्या ट्रक लावतो, संध्याकाळी जागा साफ." पोलादपूरला हायवेवर गॅरेज असलेल्याचं म्हणणं वेगळं. त्याला फक्त इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही ॲक्सल हवे होते. "ह्या इंजिनाला मरण नाय. सांगाडा तुम्ही ठेवा, मला त्याचा उपयोग नाय."

मुंबई मंडळाचे अध्यक्ष भंगाराच्या बाजूचे. गोदीत नोकरी, तिथली मोठमोठी जहाजं तोडायला जाताना पाहिलेली. "एकदम मोकळं व्हायचं," ते म्हणाले. "पार्ट पार्ट विकत बसलात तर दहा वर्षं हेच मॅटर चालंल."

"आणि गाडीला वर्गणी कुणी दिली?" खालच्या घरचा दादा म्हणाला. तो माझा लांबचा चुलतभाऊ, वाडीतच राहून शेती करणारा. "आमच्या बापानं म्हस इकून दिली. ती काय ट्रकात घालून पाठवाय?"

"अरे पण म्हस आता कुठं हाय?"

"गाडीत हाय!"

त्यावर सगळी बैठकच पेटली. प्रत्येक घराने आपापली म्हैस, शेरडं, ओव्हरटाइम त्या जीपमध्ये घातलेला होता. एकाने तर आपल्या आजोबांचं लग्नातलं कडं काढलं. भंगार की पार्ट, भंगार की पार्ट, असं ऊन उतरेपर्यंत चाललं. शेवटी कुणीतरी वडिलांना विचारलं. ते खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "गाडी वाडीची. वाडीनं ठरवावं."

मग सगळे माझ्याकडे वळले. मी महाडला राहणारा, पँट घालणारा, शाळेत बसणारा. म्हणजे हुशार. वास्तविक मी शाळेत दाखले लिहितो. पण एकदा माणसं आपल्याकडे बघायला लागली की माझी जीभ माझ्या हातात राहत नाही. मी म्हणालो, "एवढं भांडताय, तर राखणीच्या बोकडासारखे वाटे घाला जीपचे आणि न्या घरोघर."

हसू येईल म्हणून बोललो होतो. कुणी हसलं नाही.

राखणीचा बोकड म्हणजे देवीला वर्षाचा दिलेला बोकड. त्याचं मटण देवळासमोर पानांवर सारख्या ढिगांत मांडतात. घर तितके ढीग. मग एक माणूस पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगाला हात लावून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा माणूस मनात येईल त्या घराचं नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा तो ढीग. मागून कुरकूर करायची नाही, अदलाबदल करायची नाही, परत द्यायचा नाही. देवीसमोर पडलेला वाटा म्हणजे पडला. आणि हे सगळं करण्याआधी मुंडी बाजूला काढून ठेवायची. ती मानाची. ज्याचा मान त्याच्या घरी ती आधी पोचते, आणि मग बाकीचे वाटे हलतात.

"बरोबर बोलला," एक म्हातारा म्हणाला.

"गॅरेजवाल्याला इंजिन-बिंजिन दिऊ, ते पैशे देवळाच्या कौलांना," दुसरा म्हणाला. "ऱ्हायल्याचे वाटे."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, पण बाजू फिरली होती. आणि आमच्याकडे जो सुचवतो त्याच्या गळ्यात काम पडतं. वाटे घालायला मी.

गॅरेजवाल्याची माणसं आली आणि दोन दिवसांत जीपचं पोट काढून घेऊन गेली. मग मी आणि दादा पान्हे घेऊन बसलो. खोटं कशाला सांगू, मला ते काम फार आवडलं. देवळासमोरच्या अंगणात मी ढीग मांडत होतो आणि न्याय करत होतो. दरवाजा मोठा, म्हणून त्याच्याबरोबर काही नाही. दिवा लहान, म्हणून त्याच्या जोडीला आरसा आणि नंबराची पाटी. मागच्या दोन लांब सीटा दोन घरांना. ताडपत्रीचं हूड एकाला. बॉनेट एकाला. स्टेअरिंग आणि स्टेपनी एका ढिगात. प्रत्येक ढिगाखाली पान हवं, रीत म्हणजे रीत, असा एका म्हातारीने हट्ट धरला. मग मी पानंही आणली. मडगार्डाखाली कुंभ्याच्या झाडाचं रुंद पान सरकवताना मला वाटत होतं की आपल्यासारखा चोख माणूस ह्या तालुक्यात नसेल. एक ढीग उचलून पाहायचो, दुसरा पाहायचो, ह्यातला नटबोल्ट काढून त्यात टाकायचो.

पाठ फिरवून नावं कुणी घ्यायची? वडिलांनी. हे कुणी सुचवलं आठवत नाही. एक मुंबईकर म्हणाला, "काका, पाठ कशाला फिरवताय, असंच उभं ऱ्हावा की." त्याच्या आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. वडील हसले, पण पाठ फिरवूनच उभे राहिले, देवळाकडे तोंड करून, काठीवर दोन्ही हात ठेवून.

मी पहिल्या ढिगाला हात लावला. "हा कुणाचा?"

"वरच्या घराचा."

"हा कुणाचा?"

"इहिरीकडच्यांचा."

"हा?"

"खालच्या घराचा." दादाला लांब सीट पडली.

स्टेअरिंग पडलं काकीला. काकी म्हणजे आमची थोरली चुलती, विधवा, आमच्या शेजारचं घर, आणि जिभेला धार. आमच्या स्वतःच्या घराला पडला एक मडगार्ड आणि वायपर. हूड आंब्याकडच्या घराला. एकेक घर येऊन आपला ढीग उचलत होतं. बॉनेट दोघांनी डोक्यावर घेतलं आणि खालून फक्त चार पाय चालताना दिसले, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. वडील तसेच पाठमोरे उभे होते.

शेवटचा ढीग गेला. अंगणात नुसती पानं उरली.

"झालं?" वडिलांनी विचारलं.

"झालं."

ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, "सगळं?"

"सगळं, बाबा. एक खिळा ठेवला नाय." मी हे मोठ्या फुशारकीने म्हणालो.

त्यांनी काठी पुढे टाकली आणि कुणाचा हात न धरता घराकडे निघाले. फणसाजवळून जाताना सवयीने त्यांचा डावा हात बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग खाली आला.

पानं गोळा करत होतो तेव्हा काकी आली. कमरेवर स्टेअरिंग, जसा काही पाण्याचा हंडाच.

"मुंडी कुणाला काढलीस रे?" तिने विचारलं.

"मुंडी? जीपला कसली मुंडी, काकी?"

"मानाचा वाटा. दहा-बारा वरसं ज्यानं हाकली त्याचा मान नाय काय?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "का त्याला नावं पुकाराय उबा केलास तोच मान?"

मी खाली वाकून उरलेली पानं गोळा करू लागलो.

त्यानंतर वडील बाहेर पडेनात. सकाळी उठायचे, चहा घ्यायचे, पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. रॉकेलचा फडका खुंटीवर होता तिथेच वाळून कडक झाला. आमच्या वाट्याचा मडगार्ड मी त्यांच्याजवळ नेऊन ठेवला. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "मागला, उजवा." बस. जेवण कमी झालं. आई मला सांगायची, "बोलत नायत रे. इचारलं तर भूक नाय म्हणतात." ज्या माणसाने एका बैठकीतल्या शब्दावर मुंबई सोडली, त्याला त्याच देवळासमोर आपण रिकाम्या हाताने पाठवलं, हे मला महाडला दाखले लिहिताना आठवायचं. मुलांच्या जन्मतारखा चुकायच्या.

एका रविवारी मी काकीकडे गेलो. तिने स्टेअरिंग भिंतीच्या खुंटीला टांगलं होतं आणि त्याच्या गोलाला लसणाच्या जुड्या बांधल्या होत्या. छान दिसत होतं, हे कबूल करायला हवं.

"काकी, हे मला दे. बाबांना देतो. मानाचा म्हणून."

"येडा हायस का? देवीसमोर पडला वाटा. तो परत घेत नायत न देत नायत."

"मग दुसरं काय करू?"

"काय करतोस? आनी काय करायचं बाकी ऱ्हायलंय तुजं?" मग तिने एक जुडी सोडली, हातात घेतली आणि पुन्हा बांधली. "त्याला धाड माझ्याकडं. म्हणावं, लसूण घेऊन जा. तुज्या आयला हवाय म्हणावं."

मी घरी येऊन तसं सांगितलं. वडील पहिल्यांदा हलले नाहीत. नंतर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "लसूण नाय तर आमटी नाय," तेव्हा उठले. काकीने त्यांना खुंटीपाशी नेऊन उभं केलं. "काढा तुमच्या हातानं. मला वर हात पोचत नाय," ती म्हणाली. तिचा हात आढ्याला पोचायचा. वडिलांचे हात जुडी शोधत वर गेले आणि गोलावर थांबले. दोन्ही हात, दोन बाजूंना, गाडी चालवताना असायचे तसे. मी दारात होतो. मी विहिरीकडे निघून गेलो.

पुढच्या रविवारी आलो तर वडील घरात नव्हते. सापडले खालच्या घराच्या पडवीत, दादाच्या त्या लांब सीटवर, रेडिओ ऐकत. "रेक्झिन फाटलंय, शिवून घे म्हणून सांगतोय," ते मला म्हणाले. तिथून उठले ते विहिरीकडच्यांकडे. त्यांनी दरवाजा गोठ्याला लावला होता. वडिलांनी कडी वरखाली करून पाहिली. "ही दाबून वर उचलाय लागते. मी सांगतो." तिथून आंब्याकडच्या घरी, जिथे हूड वैरणीवर घातलं होतं. हळूहळू त्यांची रोजची फेरीच ठरली. काठी, फडका, आणि सगळ्या वाडीत विखरून पडलेली त्यांची गाडी. बायका लांबून बघून म्हणायच्या, "चहा टाक गो, ड्रायव्हर आलं."

सगळं काही टिकलं नाही. एक-दोन घरांनी पुढच्या वर्षी आपला पत्रा भंगारवाल्याच्या सायकलवर चढवला. त्या घरांपाशी वडील एकदा थांबले, भिंतीपाशी हात फिरवला, काही विचारलं नाही. मग ती घरं त्यांच्या वाटेतून गेली. त्यांना जे म्हणायचं ते काकीने त्यांच्या वतीने त्या घरांना ऐकवलं, आणि चार घरांना पोचेल अशा आवाजात.

पुढल्या श्रावणात वडिलांची लघवी अडली. रात्रभर कण्हले, सकाळी पोट दगडासारखं. मी सुट्टीसाठी वाडीवरच होतो. खालच्या वळणावर दरड आली होती, त्यामुळे भाड्याची गाडीही नेहमीच्या जागेपर्यंत येत नव्हती. पुन्हा डोली. गोधडीत घातलं तर त्यांचं पोट दुमडलं आणि ते असे ओरडले की आम्ही ताबडतोब खाली ठेवलं. माणूस सरळ झोपवायला हवा होता. घरात फळी नाही, बाज खांद्यावर मावणार नाही अशी रुंद.

दादा काही न बोलता निघून गेला आणि लांब सीट खांद्यावर घेऊन आला. खालून तिला दोन बांबू बांधले. वर पाऊस चालूच होता, म्हणून आंब्याकडच्या माणसाने वैरणीवरचं हूड काढलं आणि बांबूंवर ताणलं. वडिलांना आडवं केलं. आम्ही उचललं.

मागच्या डाव्या खांद्याला मी होतो. चिखल, वाहणारं पाणी, आणि मी महाडच्या सपाट रस्त्यावरचा. पहिल्याच उताराला घसरलो. सीट कलंडली, दादाने धरली म्हणून निभावलं. "ह्याला काढा आधी," कुणीतरी ओरडलं. मला बाहेर काढून माझ्या हातात छत्री दिली. हुडाखालच्या माणसाला छत्री लागत नव्हती. मी ती धरून बाजूने चालत राहिलो.

वळणं यायला लागली तसा वडिलांचा हात सीटच्या कडेने फिरू लागला. शिवलेल्या जागी थांबला. मग वर गेला, हुडाच्या ताडपत्रीला लागला.

"डावी सीट," ते दादाला म्हणाले. आवाज अगदी बारीक. "शिवलीस व्हय."

"तुम्हीच सांगितलंत ना, काका."

थोडं खाली गेल्यावर पुढच्या खांदेकऱ्यांना ते म्हणाले, "आता डावीकडं. दगड हाय तितं." दगड होता. चढ असो की उतार, त्यांच्या गाडीत त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी बोललं नाही. मीसुद्धा.

महाडच्या दवाखान्यात नळी घातली, पोट उतरलं, पुढे ऑपरेशनही झालं. बरेच दिवस गेले. ते परत आले तेव्हा दरड काढलेली होती आणि गाडी अर्ध्यापर्यंत आली. तिथून काठी टेकत, थांबत थांबत वर. पडवीत पाऊल टाकलं तर त्यांची काठी कशाला तरी अडली. लांब सीट. भिंतीला टेकून ठेवलेली, खाली दोन दगड.

"ही हितं कशी?" त्यांनी विचारलं.

दादा पायरीवर बसला होता. "परत नाय दिलेली हां, काका. वाटा परत देत नायत. मानाचा काढायचा ऱ्हायला होता, तो आणून ठेवलाय."

वडिलांनी वाकून शिवलेल्या जागेवरून हात फिरवला. मग सीटवर बसले, आणि शेजारी हात थोपटून दादाला म्हणाले, "बस. चहा घेऊन जा."

अंगणात शेजारपाजार जमला होता. आईने पदर डोळ्यांना लावला. सगळे गप्प होते, आणि माणसं गप्प असली की मला काहीतरी व्हायला लागतं. मी घसा साफ केला.

"पण एक बघा," मी म्हणालो, "त्या दिवशी वाट्यांचं मी बोललो म्हणून ही सीट वाडीत ऱ्हायली. भंगाराला गेली असती, तर बाबांना खाली न्यायला काय होतं? म्हणजे तसं बघितलं तर, इचार माझाच."

काकी लसणाची जुडी घेऊन आली होती. तिने ती आईच्या हातात दिली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं.

"जीपचे घातलेस ते बरं झालं," ती म्हणाली. "तुजे वाटे घातले असते ना, तर एक घर उचलाय आलं नसतं."